मदत हवी आहे: घरचं हमस कडू आणि रवाळ होतंय, शनिवारच्या आत उपाय सांगा

पेठेतली | बुधवार, रात्री ९:४०
शनिवारी घरी बारा-पंधरा माणसं जेवायला आहेत. सुरुवातीला हमस, म्हणजे काबुली चण्यांचं ते अरबी वाटण, ठेवायचं ठरवलंय. एक साधं आणि दोन वेगळ्या चवींची. पण घरी केलं की कडू लागतं आणि रवाळ राहतं, हॉटेलसारखं मऊ, पांढरट येतच नाही. कृती नेहमीचीच आहे, सगळं त्यात सांगितलंय तसंच घालते. कशामुळे होत असेल? आणि बीट, सिमला मिरची वगैरे नेमकं कधी घालायचं? कृपया "यूट्यूब बघा" म्हणू नका, बघून झालंय. जरा लवकर सांगा.

खादाडभाऊ | ९:५२
"नेहमीची कृती" म्हणजे कुठली ते लिहा की. चणे भिजवलेले की डब्यातले? ताहिनी (तिळाची पातळ पेस्ट) विकतची की घरची? तेल कुठलं आणि कधी घालता?

पेठेतली | १०:०५
काबुली चणे, रात्रभर भिजवून कुकरला लावते. ताहिनी, लसूण, लिंबू, मीठ, ऑलिव्ह तेल, सगळं एकदम मिक्सरला. असंच करतात ना सगळे?

निमाकाकू | १०:११
अगं, शिट्ट्या वाढव. काबुली चणे फार हट्टी असतात. शिजवताना चहापत्तीची पुरचुंडी टाकायची, वेलदोडा आणि तमालपत्र पण. रंग काय सुरेख येतो! आमच्याकडे सगळे ताटं चाटून पुसून खातात. सोबत भटुरे कर.

खादाडभाऊ | १०:१३
काकू, ते छोले झाले. तिला पांढरं हवंय.

शारजाकर | १०:४८
हॉटेलच्या स्वयंपाकघरात लेबनीज आचाऱ्यांसोबत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

चणे "शिजले" की आपण थांबतो, इथे थांबायचं नाही. बोटांत धरला की लोणी व्हायला हवा, सालं सुटून पाण्यावर तरंगायला हवीत. भाजीसाठी हा चणा वाया गेला म्हणाल, इतका. त्यासाठी वाटीभर कोरड्या चण्यांना भिजवतानाच अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. सकाळी ते पाणी फेकून चणे धुवा आणि शिजवताना पुन्हा चिमूटभर सोडा टाका. साल आणि आतला गर ज्या पेक्टिनमुळे घट्ट राहतो ते सोड्याने सुटतं. त्यापेक्षा जास्त घालू नका, साबणासारखी चव येते. फेस खूप येतो म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, शिट्टीत अडकतो. लिंबू शिजताना अजिबात नको, आंबटात चणा मऊ होत नाही.

आणि सगळं एकदम मिक्सरला घालणं बंद करा. आधी ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ. ते आधी घट्ट गोळा होईल, घाबरू नका. बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घालत फिरवत राहा, मग सैल होऊन पांढरंशुभ्र, हलकं होतं. मग त्यात चणे. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये नाहीच. ते ताटलीत काढल्यावर वरून. जोरात फिरवलं की चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेलसुद्धा कडवट होतं.

तुमच्याकडे पाणी कुठलं येतं? म्युनिसिपालिटीचं की बोअरचं?

आयुर्वेदप्रेमी | ११:०२
सोडा घालून ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. कशाला घालायचा? सालं हाताने काढा.

शारजाकर | ११:०६
पंधरा माणसांच्या चण्यांची सालं हाताने सोलायला तुम्ही येणार आहात का? ब१ कमी होतं हे बरोबर आहे. शनिवारी कुणी ब१ साठी येणार नाहीये.

पेठेतली | गुरुवार, सकाळी ७:३०
पाणी टँकरचं. त्याचा काय संबंध? तेल मिक्सरमध्येच घालते, नाहीतर फिरत नाही. बाकी ताहिनी घरचीच करते, विकतची केवढ्याला आहे बघितलंत का? तीळ गावाहून येतात, एकदम गावरान. छान खमंग, लालसर भाजून घेते.

शारजाकर | ७:४१
टँकरचं पाणी म्हणजे बहुतेक बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम चण्याच्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून शिट्ट्या वाढवून फारसा फरक पडत नाही. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या, सोडा आहेच.

अश्दोदची_सूनबाई | ८:१५
ताई, तुझा कडूपणा तिळात आहे. गावरान तीळ चटणीला आणि लाडवाला उत्तम, ताहिनीला नाहीत. सालीसकट तीळ कडवट असतो, आणि लालसर भाजलास की आणखी कडू होतो. दुकानात पॉलिशचे पांढरे तीळ मिळतात, ते आण. मंद आचेवर सारखं हलवत जेमतेम गरम कर, रंग बदलता कामा नये. गार झाल्यावर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबून थांबून वाट. आधी कूट होईल, मग गोळा, मग तेल सुटून पातळ होईल. अडलं तर चमचाभर रिफाइंड तेल घाल, ऑलिव्ह नको. वाटी उलटी केली की धार लागली पाहिजे.

लसूण पण सांगते. ठेचून लगेच घालू नकोस. लिंबाच्या रसात लसूण ठेचून दहा मिनिटं ठेव आणि रस गाळून तोच वापर. लसणाचा उग्रपणा ठेचल्यावर एका एन्झाइममुळे तयार होतो, आंबटात ते एन्झाइम मंदावतं. चव राहते, दुसऱ्या दिवशी तोंडाला वास येत नाही.

(आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. सासूबाईंच्या घरचे मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमधल्या अश्दोदला. घरात अजून मराठी आहे, वाक्याच्या मधेच हिब्रू शब्द घुसतो तेवढं सांभाळून घ्या.)

कोकणी_मेवा | ८:३३
ताहिनीच्या भानगडीत पडूच नका. शेंगदाण्याचं कूट घाला, स्वस्त आणि मस्त.

शारजाकर | ८:३५
मग ते हमस नाही.

कोकणी_मेवा | ८:३८
हा नियम कुणी केला? घरी ज्याला जे आवडेल ते.

शारजाकर | ८:४४
करा हो, पण मग त्याला चण्याची चटणी म्हणा. अरबीत पूर्ण नाव "हुम्मुस बि तहिना" आहे, नावातच ताहिनी आहे. बैरुतमध्ये कुणाला शेंगदाणे सांगून बघा.

पेठेतली | ९:१०
भांडू नका हो. पॉलिशचे तीळ आज आणते. पण मूळ प्रश्न चवींचा राहिला. सोललेलं बीट आणि लाल सिमला मिरची आणून ठेवली आहे. चण्याबरोबरच कुकरला टाकू का?

अश्दोदची_सूनबाई | ९:२२
नको नको! कुकरला टाकलंस की पाणी शोषून घेतं आणि हमस पातळ होतं. बीट सालासकट फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनला किंवा बंद कढईत मंद आचेवर भाज. सोललेलं आहे तर वाफव, पण पाण्यात बुडवू नकोस. मग पुसून कोरडं कर. एका मध्यम बिटाला दोन वाट्या हमस. बिटाला मातकट गोडी असते म्हणून लिंबू नेहमीपेक्षा जास्त आणि भाजलेलं जिरं.

सिमला मिरची थेट गॅसवर काळी होईपर्यंत भाज, झाकून ठेव, साल काढ आणि चाळणीत निथळत ठेव. जे पाणी सुटेल ते फेकू नकोस, वरून थोडं शिंपड.

खरं विचारशील तर मी हमसमध्ये काही मिसळतच नाही. साधं हमस एकदम चांगलं जमव, ताटलीत पसर, मध्ये चमच्याने खळगा कर आणि चव त्या खळग्यात घाल. एकाच पातेल्यातून तीन ताटल्या होतात आणि कुणाला तिखट नको असेल तर कडेने खातो.

खादाडभाऊ | ९:३०
+१. गुलाबी हमस फोटोत छान दिसतं, तोंडात बीट.

पेठेतली | ९:३४
मग खळग्यात काय काय? पटकन सांगा, यादी करून बाजारात जायचंय.

शारजाकर | ९:५५
सगळ्यात भारी म्हणजे परतलेला खिमा, चिलगोजे आणि त्यातलं तूप वरून गरमागरम. दालचिनी, ऑलस्पाइस जरासं. बाकी सगळं पोरखेळ.

पेठेतली | ९:५७
आम्ही शाकाहारी आहोत.

शारजाकर | १०:०१
हे आधी सांगायचं. मग बैरुती पद्धत: पार्सली, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून हमसमध्येच कालवायची. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर चव वेगळी होते, पण वाईट नाही. किंवा मुसब्बहा करा: थोडे चणे अख्खे ठेवून गरम असतानाच सैल ताहिनीत घालायचे, वर लिंबू, जिरं, तेल. रवाळपणाची कटकटच संपली, त्यात चणे अख्खेच असतात.

अश्दोदची_सूनबाई | १०:१८
आमच्याकडे यमनी ज्यूंचा सहूग घालतात. हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, लसूण, जिरं, वेलदोडा, मीठ, थोडं तेल. आपल्या ठेच्याचा भाऊच, फक्त वेलदोड्याने वास बदलतो. सासूबाई चक्क ठेचाच घालतात, आणि मला तो जास्त आवडतो. मिरच्या तव्यावर तेलात परतून खलबत्त्यात जाडसर ठेच. दाणे घालू नकोस, तिळावर दाणे जड होतात.

दुसरी ताटली: बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर चांगला तपकिरी होईपर्यंत परतून, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. घाई केलीस तर कांदा फक्त करपतो, अर्धा तास धर.

झातार हा मसाला मिळाला तर तोही. ती वनस्पती आपल्या मरव्याच्या जवळच्या नात्यातली आहे. सोबत तीळ आणि सुमाक (आंबट लाल पूड) असतो. सुमाक नसेल तर लिंबाची किसलेली साल घाल, आमचूर घालू नकोस.

कोकणी_मेवा | १०:२५
सुमाकच्या जागी कोकमाची पूड. माझं ऐका, सगळ्यांना विचारायला लावेल. आणि हमसमध्ये दोन चमचे दही घाला, मऊ होतं.

अश्दोदची_सूनबाई | १०:३१
दही नको. आमच्याकडे मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, आणि हमसमध्ये दुधाचं काही नसल्यामुळेच ते कुठल्याही जेवणाबरोबर चालतं. ते सोडलं तरी, ताहिनी नीट फेसली की दह्याची गरजच नसते. कोकमाचं बघेन मी, अलिबागहून येतं आमच्याकडे.

इतिहासवेडा | दुपारी १:०५
हमस नक्की कुणाचं हा वाद तुम्हाला माहीत आहे का? जानेवारी २०१० मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू घोश गावात चार टनांहून मोठी हमसची ताटली करून विक्रम केला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलो करून तो मोडला. आकडा मुद्दाम निवडलेला, लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. त्याआधी २००८ मध्ये लेबनॉनच्या उद्योजकांनी हे नाव आपल्यासाठी राखून ठेवायची मागणीही केली होती.

शारजाकर | १:२०
आणि मागणी बरोबरच होती.

अश्दोदची_सूनबाई | १:२६
अबू घोश हे अरब गाव आहे, एवढंच सांगते. ताटलीतलं हमस मला सगळ्यांचंच आवडतं.

इतिहासवेडा | १:३४
तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कैरोच्या पाककृतींमध्ये चणे कुस्करून व्हिनेगर आणि मसाले घालून केलेला थंड पदार्थ सापडतो, त्यामुळे इजिप्तवालेही...

धागारक्षक | १:४०
या विषयाचा वेगळा धागा काढा. इथून पुढचे प्रतिसाद हमसच्या कृतीबद्दलच असू द्यात. पुढे गाडी राजकारणावर गेली तर धागा कुलूपबंद करेन.

निमाकाकू | १:५२
मी काही राजकारण केलं नाही हो. भटुऱ्यांचं पीठ दही घालून भिजवायचं असतं एवढंच सांगायचं होतं.

पेठेतली | शुक्रवार, रात्री १०:२०
सोडा घातला, फिल्टरचं पाणी घेतलं, पॉलिशचे तीळ न रंगवता भाजले. कडूपणा गेला. मऊ पण झालंय. पण थोडं सैल झालंय, ओघळतंय. उद्यापर्यंत तसंच राहिलं तर? सिमला मिरची घातली नाही, तुम्ही म्हणालात म्हणून खळग्यात ठेचा आणि कांदा ठेवणार आहे.

शारजाकर | १०:२८
फ्रिजमध्ये घट्ट होतं. चणे अजून कोमट होते ना? गार झाल्यावर बसतं. उद्या सकाळी बघा, उलट घट्ट वाटलं तर बर्फाच्या पाण्याचा चमचा घालून घोटा. वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार हमसला चव लागत नाही. लिंबू-मीठ तेव्हाच पुन्हा चाखा.

अश्दोदची_सूनबाई | १०:३५
वर पापुद्रा धरू नये म्हणून झाकण हमसला टेकवून ठेव. आणि तेल उद्याच, आज नको. पिटा मिळाली नाही तर तंदुरी रोटीचे तुकडे चालतात. ज्वारीची पातळ भाकरी सुद्धा, हसू नका कुणी.

कोकणी_मेवा | १०:४१
भाकरी लिहिलीत म्हणून तुमचं बाकीचं सगळं माफ.

पेठेतली | रविवार, सकाळी ११:१५
ठेच्याची ताटली आधी संपली, कांद्याची त्यानंतर. बीट मी तरी मिसळलंच होतं थोड्यात, आणून ठेवलेलं वाया कशाला घालवू. ते मुलांनी रंगासाठी खाल्लं, मोठ्यांनी सोडलं. चणे शिजवलेलं पाणी पातेलंभर उरलंय, त्याचं काय करतात?

खादाडभाऊ | ११:२२
डब्यातल्या चण्याचं पाणी फेसून अंड्याच्या पांढऱ्यासारखं वापरतात. पण तुमच्यात सोडा आहे, चव नीट लागणार नाही. फेका.

नवा_पाहुणा | दुपारी ४:०८
धागा पूर्ण वाचला नाही. काळ्या चण्याचं केलं तर चालेल का?

शारजाकर | ४:३०
चालेल. साल जाड असते म्हणून सोडा घालूनही गाळणीतून घोटून काढावं लागेल, आणि रंग मातीचा येईल. लसूण थोडा जास्त घाला. काबुलीपेक्षा खमंग लागतं, पण पाहुण्यांसमोर ठेवताना वर भरपूर कोथिंबीर पेरा.