दागोबावर ल्यूक नेमका किती दिवस होता?

नेरूळकर
'स्टार वॉर्स'च्या १९८० सालच्या भागावरून, म्हणजे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'वरून, काल सीवूड्सला आमच्यात चांगलीच जुंपली. शेवट काही लागला नाही, म्हणून इथे विचारतोय.

हॉथ ग्रहावरचा बंडखोरांचा तळ पडल्यावर नायक ल्यूक गुरू योडाकडे शिकायला दागोबा ग्रहावर जातो. त्याचे मित्र हान आणि लेया फाल्कन यानातून पळतात, पण हायपरड्राइव्ह (प्रकाशाहून वेगाने नेणारं इंजिन) बंद. आधी लघुग्रहात लपतात, मग साम्राज्याच्या स्टार डिस्ट्रॉयर युद्धयानाला चिकटतात, शेवटी कचऱ्याबरोबर वाहत निसटतात आणि बेस्पिनच्या ढगांतल्या शहरात पोचतात. ल्यूकचं सगळं शिक्षण तेवढ्याच काळात होतं. किती काळ, हे सिनेमा कुठेच सांगत नाही.

माझ्या मते काही महिने. हायपरड्राइव्हशिवाय एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं म्हणजे आठवड्याभराचं काम नव्हे. बेस्पिन बरंच लांब आहे, हे हान स्वतःच म्हणतो.

पाचपाखाडी
अजिबात पटत नाही. बेस्पिनला तिथला प्रमुख लँडो काय सांगतो ते आठवा: साम्राज्याचे लोक तुमच्या जरासेच आधी आले. फाल्कन कुठे निघालंय हे इनामासाठी माग काढणाऱ्या बोबा फेटला सुरुवातीपासून माहीत होतं. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा असता तर साम्राज्याचा सरदार व्हेडर कधीच येऊन बसला असता. आठ-दहा दिवस, त्यापुढे नाही.

घोडबंदर रोड
दोघांचंही खरं असू शकतं की! प्रकाशाच्या जवळपास वेगाने गेलं की यानातला काळ हळू चालतो. हान-लेयाचे थोडे दिवस, तेवढ्यात ल्यूकचे कितीतरी महिने. सापेक्षता लावा, प्रश्न मिटला.

सानपाडा
मिटत नाही, उलट वाढतो. आकडे घालून बघा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. तेवढंच अंतर धरलं आणि फाल्कन प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलं, तर यानातल्यांचे साधारण सात महिने जातील, पण बाहेर चार वर्षांहून जास्त काळ लोटेल. म्हणजे ल्यूक चार वर्षं दलदलीत! ठरलेल्या कालक्रमात हा भाग पहिल्या चित्रपटातल्या यावीनच्या लढाईनंतर तिसऱ्या वर्षी येतो आणि पुढचा चौथ्या वर्षी. मध्ये चार वर्षं कोंबणार कुठे? आणि ही मालिका सापेक्षतेचे नियम पाळते, असं पडद्यावर एकदाही दिसलेलं नाही.

नेरूळकर
@सानपाडा, हिशोब मान्य. म्हणूनच मला पर्यायी हायपरड्राइव्हचा खुलासा पटतो. फाल्कनवर एक संथ, जुजबी हायपरड्राइव्ह राखीव असतो, असं नंतरच्या संदर्भपुस्तकांत आलंय. ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की आपण ठाण्याहून कुर्ल्याला जाऊन हार्बरने वाशी गाठतो, तसंच. वेळ खातो, पण पोचतो. यात काही आठवडे सहज बसतात.
@पाचपाखाडी, व्हेडरकडे धड हायपरड्राइव्ह आहे. त्याने आधीपासून तिथे तळ ठोकायची गरजच काय? फाल्कन जवळ आलं की यायचं, बस्स.

पाचपाखाडी
जे चित्रपटात नाही ते पुस्तकातून आणून भोक बुजवायचं, हे मला मान्य नाही. चित्रपट काय दाखवतो? योडाला पाठीवर घेऊन पळणं, गुहा, एका हातावर उलटं उभं राहून दगड उचलणं आणि दलदलीत बुडालेलं त्याचं एक्स-विंग यान वर काढण्यात आलेलं अपयश. एवढंच! आणि ते एवढंच असायला हवं. ल्यूक अर्धवट शिकून निघाला म्हणून तर योडा आणि त्याचा आधीचा गुरू ओबी-वान त्याला जाऊ नको म्हणतात, आणि म्हणूनच व्हेडर त्याचा हात तोडतो. त्याला तुम्ही महिने बहाल केलेत तर त्या हरण्यातली धारच जाते.

घोडबंदर रोड
@पाचपाखाडी, मग १९८३च्या भागात परत आलेल्या ल्यूकला योडा सांगतो की आता आणखी शिक्षणाची गरज नाही, ते कसं? आठ-दहा दिवसांत?

पाचपाखाडी
मधल्या वर्षात तो स्वतः घडला. बेस्पिनवर काय गमावलं आणि काय कळलं, ते बघा ना.

नेरूळकर
मग योडाने नेमकं काय शिकवलं? आठ-दहा दिवसांत त्याचं मन स्थिर होऊन त्याला ढगांतलं शहर आणि मित्रांच्या वेदना दिसायला लागतात, हे मला पटत नाही. लघुग्रहांत बाण सुटल्यासारखा यान हाकणारा पोरगा असला तरी पहिल्या दिवशी तो दोन घटका शांत बसत नव्हता. योडाची तक्रारही तीच होती, की याचं लक्ष कधी आहे तिथे नसतंच. ही सवय मोडायला आठवडे लागतात. दिवसांवर माझा कौल नाही.

सानपाडा
ल्यूक लघुग्रहांत गेलाच नाही, तिथे हान होता. बाकी मुद्द्याला +१.