सात महिन्यांच्या बाळाच्या मानेवर पुरळ, घामोळंच आहे का? (सांगली)

विश्रामबागची आई:
चार दिवस झाले, बाळाच्या मानेच्या वळ्यांत आणि पाठभर बारीक लाल पुरळ उठलंय. हात फिरवला की रव्यासारखं लागतं. ताप नाही, दूध नीट पितंय, पण रात्री मान उशीला घासून रडतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. सासूबाई हळद-चंदनाचा लेप लाव म्हणतात. मेडिकलमधून एक ट्यूब आणलीय, अजून उघडली नाही. काय करू?

दोन लेकरांची आई:
ताई, ट्यूब उघडूच नका. आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. माझ्या थोरल्याला आम्ही विचारल्याशिवाय तसलंच मलम लावलं. दोन दिवसांत लाली गेली, आम्ही खूश. बंद केलं तर दुपटीनं उठलं. मुळात ते घामोळं नव्हतंच, गजकर्ण होतं. निस्तरायला पुढचे तीन महिने गेले.

मिरजेची सिस्टर:
लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाम बाहेर पडायची बारीक तोंडं बुजतात, घाम कातडीतच अडकतो, ते घामोळं. वरवर अडकला तर दवबिंदूसारखे पाणीदार फोड येतात, ते खाजतही नाहीत. खोल अडकला की लाल, टोचणारे पुरळ. तुमचं वर्णन दुसऱ्याशी जुळतं.

औषधापेक्षा गारवा महत्त्वाचा. अंगात एकच सैल सुती झबलं, टोपडं-मोजे काढा, दुपट्यात गुंडाळू नका. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं अंग पुसा, मग वळी उघडून मऊ कापडानं टिपून कोरडी करा, घासू नका. घरी असताना लंगोटाशिवाय थोडा वेळ पंख्याखाली खेळू द्या. कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत दमटपणा वाढतो. पावडर नको, घामानं तिचे गोळे वळ्यांत बसतात आणि बाळाच्या श्वासातही जाते. एवढं केलं की बहुतेक घामोळं दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं.

ताप आला, पू धरला, जागा सुजली, दुखायला लागली किंवा बाळ दूध सोडून मलूल पडलं, तर लगेच दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला तर घरी थांबायचंच नाही. तापासोबत उठलेलं पुरळ काचेच्या पेल्यानं दाबून बघा. दाबल्यावरही डाग फिका होत नसेल तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

गावभागातली आजी:
सूनबाई, हळद आपल्या सांगलीची, तिचा मला अभिमान आहे. पण तान्ह्याच्या पुरळावर लावू नये. सगळं पिवळं होतं, लाली वाढली की उतरली तेच कळत नाही. आणि तेल! माझ्या नातीला रोज चोपडून मालिश चालायची, वळ्यांत तेल तसंच राहायचं. उन्हाळाभर मालिश बंद केली नि पाठ निवळली. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का बघ. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असलं तर खरूज असू शकते, ती सगळ्यांनी एकदमच उपचार केल्याशिवाय जात नाही.

विश्रामबागची आई:
ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलेलं निघालं. हात थरथरले माझे. टाकून दिली. तेल बंद, टोपडं बंद, खालच्या मजल्यावर काकूंच्या खोलीत झोपवतेय.

विश्रामबागची आई (चार दिवसांनी):
पाठ मऊ झाली. मान मात्र राहिली, वळीत लालभडक, चकचकीत आणि कडेला सुटे ठिपके. सिस्टर, काल बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. पाठीवरचं घामोळंच होतं, मानेत मात्र बुरशी धरलीय म्हणाले. त्यांनी वेगळं मलम दिलंय, आणि दूध ओघळून मानेत साचतं ते प्रत्येक वेळी टिपायला सांगितलंय. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री बाळ सलग चार तास झोपलं.