मदत हवी आहे: जुन्या ८ इंची वूफरसाठी (बासच्या स्पीकरसाठी) खोका बंद ठेवू की त्याला पोर्ट (हवा जाण्यायेण्याची नळी) ठेवू?

नमस्कार मंडळी. घरात ८ इंची, ८ ओहमचे दोन जुने वूफर पडून आहेत. कडेच्या फोमचा भुगा झाला होता, म्हणून रबरी कडा बसवून घेतल्या. त्यामुळे कंपनीच्या मूळ आकड्यांवर भरवसा न ठेवता कोनवर वजन चिकटवून स्वतःच मोजमाप केलं. एफएस (वूफरची स्वतःची कंपनसंख्या) ३८ हर्ट्झ, क्यूटीएस (ती कंपनं किती आवरली जातात त्याचा आकडा; जास्त म्हणजे सैल) ०.५, व्हीएएस (वूफरच्या कडेइतकीच लवचिक असणारी हवा) साधारण ४० लिटर. दोन्ही वूफर जवळपास सारखेच आहेत.

बंद खोक्याचं गणित सरळ आहे. क्यूटीसी (बंद खोक्यात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७ हवा तर प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे दोघांना मिळून ८०. पण मग रेझोनन्स (ज्याच्या खाली बास उतरत जातो ती कंपनसंख्या) ५४ हर्ट्झवर जातो, आणि मला तबल्याच्या बायाँचा घुमार नीट ऐकायचाय. पोर्ट ठेवला तर आणखी खाली जाता येईल, पण क्यूटीएस इतका असताना बास ढबढब वाजेल अशी धास्ती वाटते. अशा आकड्यांवर कोणी पोर्टवाला खोका बनवून ऐकलाय का? सिम्युलेशनमधला आलेख नको, कानाचा अनुभव सांगा.

दुसरं, दोन्ही पॅरलल जोडले तर मीटरवर ३.२ ओहम दिसतात. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान ४ लिहिलंय. हे चालतं ना? मीटर फक्त डीसी रोध दाखवतो, आवाज वाजताना रोध त्याहून जास्त असतो, हे ठाऊक आहे, तरी खात्री करून घेतो.

लाकूड १८ मिमी प्लायच घेणार. रत्नागिरीच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, तेव्हा तो सल्ला कृपया नको! आतून आडव्या पट्ट्या किती अंतरावर माराव्यात, तेही सांगा.