पाडव्यापासून परत उभं राहायचंय, लोकांना काय सांगू?

चिपळी
मंडळी, लवकर सांगा, हातात जेमतेम दहा दिवस आहेत. आठ महिन्यांनी पाडव्याला परत उभी राहतेय, त्याच देवळात, रामनवमीपर्यंत. अकरा वर्षं जातेय तिथे, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या नातवंडांची नावं मला पाठ आहेत. ऑपरेशननंतर ११२ किलोंची ७४ झालेय. आधी ओळखणार नाहीत, आणि ओळखलं की बघतच बसतील. पहिल्या दिवशी आपणहून बोलून टाकावं, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू करावं? परवा बाजारात ओळखीच्या एकीने हातातली मेथीची जुडी तशीच धरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "रिपोर्ट चांगले आहेत ना गं?" तिथून दोन मिनिटांत सटकले. इथे दोन-अडीच तास सटकता येत नाही. जेवणाचंही सांगा काहीतरी.

भिडू_बाणेरचा
कुठे उभ्या राहताय? निवडणूक आहे का? आणि देवळात का? चिपळूणच्या का तुम्ही?

दोनदाच_जेवा
ऑपरेशनची काही गरज नव्हती. दीक्षित सरांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, रोज ४५ मिनिटं चाला. माझे १४ किलो उतरले, एक रुपया खर्च नाही.

खारूताई
अहो, त्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय. आता काय परत शिवून आणायचं का? ताई, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आहारतज्ज्ञ दिवेकरबाई वर्षानुवर्षं हेच सांगतायत.

दोनदाच_जेवा
दर दोन तासांनी खाल्लं की दर दोन तासांनी इन्सुलिन. तिथेच सगळा घोळ आहे.

खारूताई
माझी आजी दिवसातून सहा वेळा खायची, वर तूप. ९१ व्या वर्षी गेली.

वॉर्ड_नंबर_सात
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. ताई, कुठलं ऑपरेशन ते लिहिलंच नाहीत. वजन उतरवायची स्लीव्ह की पोटाचा बायपास? घरच्यांशिवाय कोणाला माहीत आहे? आणि "उभं राहणं" म्हणजे नक्की काय, तेही सांगा.

चिपळी
कीर्तन हो! नारदीय, आधी पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मध्यंतरानंतर आख्यान. मला वाटलं नावावरून कळेल. स्लीव्ह झालीय. घरचे आणि पेटीवाले काका सोडून कोणालाच माहीत नाही. उत्सवाच्या मंडळींना पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं.

भिडू_बाणेरचा
म्हणजे पूर्वरंगात "सत्य संकल्पाचा दाता" आणि गावाला पित्ताशय. 😀

चिपळी
हसा. ते मलाही टोचतंय, म्हणून तर विचारतेय. आणखी एक. सातव्या दिवशी माझं कुंभकर्णाचं आख्यान असतं. त्याला उठवतात तेव्हा पोटावरून हात फिरवत मी लांबलचक जांभई द्यायची आणि अख्खा मांडव हसून लोळायचा. ती जांभई लोक वर्षभर लक्षात ठेवतात. आरशासमोर करून पाहिली, पोटच नाही हाताला. आजारी बाई जांभई देतेय असं दिसतं.

वॉर्ड_नंबर_सात
स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात, त्यामुळे जेवणाचं आधी सांगते. यजमानांकडे पुरणपोळीचा आग्रह होणारच. "कीर्तनाआधी जेवत नाही" हे कीर्तनकाराला शोभतं, कोणी पुढे विचारत नाही. कीर्तनानंतर जेवा, आधी वरण, उसळ, पनीर असलं प्रोटीन. दिवसाला ६० ग्रॅमच्या वर गेलं पाहिजे. गोड अगदी चिमूटभर. एकदम खाल्लंत तर घाम, धडधड आणि पोट बिघडणं. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही सोडत नाही. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने. गाताना मध्यंतरात एकेक घोट घ्या, गटागट नको. स्लीव्हनंतर आंबट ढेकर बऱ्याच जणांना येतात. तुम्हाला येतात का? गळ्याला तेच वाईट. केस गळत असतील तर घाबरू नका, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळतात आणि पुढे थांबतात. बी१२, लोह, कॅल्शियम, डी चालू आहे ना?
आणि एक सांगू? झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. उद्या खरंच पित्ताशय काढावं लागलं तर काय सांगणार?

काठपदर
नऊवारीचं काही नाही, ती कोणालाही बसते. ब्लाउज मात्र उसवून आत घेत बसू नका, ३८ किलोंत मुंढा आणि खांदा दोन्ही उतरतात. नवीन शिवा. इरकलीवर खणाचं छान दिसेल. बाही कोपरापर्यंत ठेवा, दंडाची सैल कातडी झाकली जाते.

चिपळी
ब्लाउजचं विचारलं नव्हतं, पण दंडाचं डोक्यातच आलं नव्हतं. चिपळ्या वाजवताना तेच दिसणार. शिवते.

कोर्टाची_पायरी
गडकरींनी २०११ मध्ये वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते भाजपचे अध्यक्ष होते. जेटलींनी २०१४ मध्ये, अर्थमंत्री असताना. दोघांचंही पेपरात छापून आलं. देशाला सांगता येतं, तर एका गावाला सांगायला काय हरकत आहे?

भिडू_बाणेरचा
पुढारी खरं बोलतायत आणि कीर्तनकार लपवतायत. कलियुग.

खारूताई
पुढाऱ्यांना पोळी वाढायला कोणाची सासू येत नाही. आणि इथे राजकारण नको.

फळा_पुसणारी
माझी स्लीव्ह तीन वर्षांपूर्वी झाली, मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये खरं सांगून टाकलं. कुजबुज लगेच थांबली, पण दुसरंच सुरू झालं. माझा डबा उघडला की सगळ्यांचे डोळे डब्यात. "मॅडम, भात चालतो?" "मॅडम, अर्धा लाडू?" महिनाभर मी गाडीत बसून जेवले. सांगू नका असं म्हणत नाही, पण सांगितलं की कुजबुज संपेल आणि हे घास मोजणं सुरू होईल, तेवढी तयारी ठेवा.

कोर्टाची_पायरी
घास मोजलेले परवडले. "रिपोर्ट चांगले आहेत ना" जास्त वाईट. लोक मनातल्या मनात तुमची तेरवी करून मोकळे होतात.

फळा_पुसणारी
तुम्ही गाडीत बसून जेवला आहात का कधी?

अण्णा_विमावाले
नमस्कार ताई. मेडिक्लेममध्ये बसलं का? माझ्या मेहुण्याचं करायचंय, बीएमआय ३७, शुगर आहे.

वॉर्ड_नंबर_सात
अण्णा, नाव विमावाले आणि विचारता आम्हाला? ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गोळ्यांनीही न आटोपणारा मधुमेह, हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असं काही असेल तर बसतं. प्रतीक्षा कालावधी पॉलिसीत बघा.

पखवाज
वडील कीर्तनकार होते म्हणून लिहितो. नमनाआधी बोलू नका, लोक अजून चपला काढत असतात. पूर्वरंगात निरूपणात अजिबात आणू नका, मग अभंग बाजूला आणि तुम्हीच विषय. मध्यंतरात हार-बुक्का होतो तेव्हा तोंडावर हसू ठेवून एक वाक्य टाकायचं आणि लगेच आख्यान लावायचं. आख्यान लागलं की माणूस मागचं विसरतो. आणि कुंभकर्णाची जांभई पोटाने नाही, आवाजाने द्या. खालच्या सा वरून सुरू करून वर सोडा, पेटीवाल्या काकांना मागे धरायला सांगा.

चिपळी
हे पटलं. जांभई आत्ताच करून पाहिली, नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. पण ते एक वाक्य कोणतं, ते कोणीच सांगत नाहीये.

*(अकरा दिवसांनी)*

चिपळी
काल पहिला दिवस झाला. पूर्वरंगभर कुजबुज. मी डोळे मिटून गायले. मध्यंतरात बुक्का लावायला दरवर्षीच्या त्याच आजी आल्या. मी वाक्य जुळवून तयारच होते. त्यांनी बुक्का लावला, माझा दंड चाचपला आणि माईकजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, पित्ताशय काढलं की एवढं बारीक होतं? मलाही डॉक्टर कधीचे काढा म्हणतायत, मी भीत होते. आता सोमवारीच जाते." मागच्या चार बायका म्हणाल्या, "आम्हालाही पत्ता द्या."
माझं वाक्य गेलं घशात. आख्यान लावलं.
आज दुपारी आजींच्या घरी जाऊन खरं सांगून येतेय. त्या जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, त्यांच्याकडे आज श्रीखंड आहे. किती चमचे चालेल, वॉर्डताई?

वॉर्ड_नंबर_सात
एक. आणि त्यांना आधी विचारा, खडे आहेत का. असतील तर सोमवारी जाऊ दे.

अण्णा_विमावाले
ताई, तुमचा क्लेम कॅशलेस झाला का, ते राहिलं.