परगावी राहून घर भाड्याने देताय? मॅनेजर ठेवावा की आपणच बघावं?

निवांत_जीव
घर एका शहरात, मी दुसऱ्या. भाडेकरू सोडून चाललेत, नवीन शोधायचेत. जो तो म्हणतोय मॅनेजर ठेव, भाड्याच्या 10 टक्के घेईल पण भाडेकरू आणणं, वसुली, दुरुस्ती, सगळी कटकट त्याची. मला काही पटत नाही. भाडं थेट खात्यात येतं, काही बिघडलं तर व्हिडिओ कॉलवर दिसतं, प्लंबरला पैसे इथूनच पाठवता येतात, मग हा मधला माणूस कशाला? 10 टक्के म्हणजे वर्षाला जवळपास सव्वा महिन्याचं भाडं होतं. उलट मत असेल तर जरूर सांगा, फक्त "मनःशांतीची किंमत नसते" वगैरे नको, हिशेबात बोला.

कुलूपकिल्ली
हिशेबातच बोलू. घर एक महिना रिकामं पडलं की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे मॅनेजरने वर्षाला एक रिकामा महिना जरी वाचवला तरी त्याची फी जवळजवळ सुटली. तुम्ही तिकडे, घर बघायला माणसं येणार तेव्हा दार कोण उघडणार? शेजारचे काका दोनदा जातील, मग फोन उचलायचे बंद होतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही.
आणि व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर नळ दिसतो हो, ओल दिसत नाही. सिंकखालचं कपाट उघडून आत हात घातला की कळतं प्लायवूड फुगलंय, कडेचं लॅमिनेट सुटलंय, कुबट वास मारतोय. हे तुम्हाला फोनवर दाखवणार कोण, तर ज्याला डिपॉझिट कापलं जाईल ही भीती आहे तोच!

हिशेबनीस
कुलूपकिल्ली, गणित बरोबर पण अर्धंच सांगितलंत. बरेच मॅनेजर नवीन भाडेकरू आणला की वेगळी फी लावतात, मग चांगला जुना भाडेकरू टिकावा म्हणून तो धडपड कशाला करेल? दुरुस्तीच्या बिलावर पण वर टक्केवारी असते कधीकधी, म्हणजे बिल जेवढं मोठं तेवढी त्याची चांदी. करारात एवढं तरी बघा, 10 टक्के ठरलेल्या भाड्यावर की हातात आलेल्या भाड्यावर? ठरलेल्यावर असेल तर भाडं थकलं तरी त्याचं मीटर चालू. राखणदारानेच पीक खायचं आणि वर पगारही घ्यायचा.

कुलूपकिल्ली
मी मॅनेजर नाही, आधीच सांगतो 😀 पण वाईट करार केला म्हणून मॅनेजरच नको हे काही पटत नाही. हातात आलेल्या भाड्यावर टक्के लिहून घ्या की.

कायमचा_भाडेकरू
मालकमंडळी आपापसात बोलताय, आता आमचंही ऐका. एका घरात मॅनेजर होता. बेसिनखाली गळायला लागलं, त्याला कळवलं, तो म्हणे मालकांना विचारतो, मालक परगावी, ते म्हणे आधी दोन-तीन ठिकाणची कोटेशनं पाठवा, आणि मी आपला खाली बादली लावून बसलोय. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला काही लिटर पाणी होतं, बादली रिकामी करत बसावं लागतं. शेवटी वॉशर मीच आणून टाकला, काम संपलं. सोडताना कपाट फुगलंय म्हणून माझ्याच डिपॉझिटमधून कापले!! त्यामुळे मॅनेजर आहे की नाही ते सोडा हो, कोणाला न विचारता किती खर्च करायची मुभा आहे ते ठरवा. ती मुभा नसेल तर मॅनेजर म्हणजे नुसता पोस्टमन.

ऐसपैस
+1. शिवाय ताबा देताना सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ, कपाटांच्या आतून सुद्धा, मीटर रीडिंगचे फोटो, दोघांकडे कॉपी. खिळ्यांची भोकं, उडालेला रंग ही वापरातली झीज, त्याचे पैसे सहसा कापायचे नसतात. फुटलेली काच वेगळी.

निवांत_जीव
भाडेकरू साहेब, तुमचा मुद्दा पटला. एका ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरूनेच दुरुस्ती करावी, बिलाचा फोटो पाठवावा आणि पुढच्या भाड्यातून वळते करावेत असं करतो. अधूनमधून घर बघायला एखादा माणूस, गेला तेवढ्याचेच पैसे. दर महिन्याचे 10 टक्के मात्र मी देणार नाही.

कुलूपकिल्ली
आणि रात्री पाइप फुटला की तुमचा तो गेला-तेवढ्याचे-पैसेवाला येणार होय? निदान घराचं पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे ते भाडेकरूला दाखवा पहिल्याच दिवशी. वर्षभराने परत बोलू, माझं मत तेच.

कायमचा_भाडेकरू
वळते करायचं करारात लिहा, रकमेसकट. तोंडी ठेवलंत तर नंतर "तुम्हाला कोणी सांगितलं होतं बदलायला" हे ऐकायला आम्हीच असतो.