मोठा कुत्रा की छोटा? घरात दोन गट पडलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुत्रा आणायचा हे घरात एकदाचं ठरलंय, त्यावर आता वाद नाही, पण कुठला आणायचा यावर रोज जेवायला बसलं की जुंपते. नवऱ्याला लॅब्राडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड हवाय, का तर म्हणे कुत्रा कुत्र्यासारखा दिसला पाहिजे. मुलगी ८ वर्षांची, तिला पॉमेरियन किंवा शिह त्झू, कारण मांडीवर घेता येईल. सासूबाई म्हणतात काहीही आणा, फक्त माझ्या पायात आला नाही पाहिजे. आणि मी मधल्यामधे लटकलेय, कारण सकाळचं फिरवणं, शी-शू, डॉक्टर हे सगळं शेवटी कोणाच्या गळ्यात पडणार ते वेगळं सांगायला नको.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवसा फक्त सासूबाई घरी, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्या काही त्याला खाली नेऊ शकणार नाहीत. मी दुपारी घरी येते, नवरा रात्री.

आधी मला वाटायचं की छोटं घर म्हणजे छोटा कुत्रा, विषय संपला. पण वाचायला लागले आणि गोंधळ वाढलाच. ग्रेट डेन म्हणे एवढा धिप्पाड असून रोज नीट फिरवून आणला की बाकी दिवस पसरलेला असतो, आणि जॅक रसेल टेरियर जेमतेम ६-७ किलोचा पण एका जागी बसेल तर शपथ! बीगल दिसायला एवढासा पण एकटा ठेवला की बिल्डिंग डोक्यावर घेतो म्हणतात. मग नुसत्या साइजवरून ठरवायचं तरी काय?

दुसरं म्हणजे आयुष्य. ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षं, लॅब ११-१२, आणि पॉमेरियनसारखे छोटे १४-१५ वर्षंसुद्धा जगतात. म्हणजे आत्ता छोटा आणला तर मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी तो आमच्याकडेच, तेव्हा त्याचं सगळं मीच करणार. ते चालेल मला, पण लॅब म्हातारा झाला, खुब्यांनी त्रास दिला (त्या जातीत हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, बराच असतो म्हणे) तर ३० किलोचा कुत्रा तीन जिने कोण चढवणार?

ज्यांनी दोन्ही पाळलेत त्यांनी प्लीज सांगा. 'सगळे कुत्रे गोड असतात' असले प्रतिसाद नकोत, ते माहितीये मला :)

टॉमीची आई
ताई, आमच्याकडे लॅब होता, त्यामुळे जिन्याची तुमची भीती अगदी रास्त आहे आणि ती फक्त म्हातारपणापुरती नाही. मोठ्या जातीचं पिल्लू दीड-दोन वर्षं वाढत असतं, तोवर हाडांची टोकं कच्ची असतात, रोज चार वेळा तीन जिने धडाधडा उतरणं सांध्यांना बरं नाही. म्हणजे पहिले काही महिने उचलूनच न्यायचं आणि पिल्लू तर दर आठवड्याला जड होत जातं. खाणंही मोठ्या जातीच्या पिल्लांचंच द्यायचं, वरून कॅल्शियमची पावडर अजिबात नाही, लोक हौसेने घालतात आणि हाडं बिघडवून ठेवतात.

खर्चाचं म्हणाल तर ५ किलोच्या कुत्र्यापेक्षा ३० किलोचा सहापट खात नाही, साधारण चौपट खातो. औषधं मात्र बहुतेक वजनावर, ती जाणवतात. आणि लॅब मांजर बघून एकदा ओढला की खांदा निखळतो की काय असं वाटतं, तुमच्या सासूबाईंच्या हातात पट्टा कधीच देऊ नका.

झिपरी
छोट्यांची बाजू मांडते, पण आधी वाईट बातमी. मुलीला मांडीवर घ्यायचाय ना, तिथेच गोची आहे. अगदी छोट्या जातींचे पुढचे पाय काडीसारखे असतात, सोफ्यावरून उडी मारली किंवा पोराच्या हातातून निसटला की फ्रॅक्चर. त्यात गुडघ्याची वाटी सरकणं, दात लवकर खराब होणं, श्वासनलिका नाजूक म्हणून गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) हवा. शिह त्झूचे केस रोज विंचरावे लागतात, एक दिवस सोडला की कानामागे अशा गाठी होतात की कात्रीच लावावी लागते. शिवाय चपट्या तोंडाचा, गरमीत धापा टाकतो. आणि हो, कोणी डॅक्सहुंड सुचवला तर तिसऱ्या मजल्यासाठी सरळ नाही म्हणा, त्या लांब पाठीच्या मणक्यांना जिने आणि उड्या म्हणजे आजाराला आमंत्रण.

शू शिकवायलाही छोट्यांना वेळ लागतो, पोटात जागाच किती! पण एका हाताने उचलून खाली नेता येतो हे सुख लॅबवाल्यांना कळणार नाही. फक्त सासूबाईंच्या पायात येणार तो हाच, मोठा निदान दिसतो तरी.

उगाचच
मोठा-छोटा सोडा, ८ वर्षांची मुलगी म्हणजे २५ किलोच्या आसपास असेल ना? नवऱ्याला सांगा तिला खालून तिसऱ्या मजल्यावर उचलून आणा, आणि तिला सांगा मधेमधे हातपाय झाड. लॅबचा निर्णय तिथल्या तिथे लागेल.

ते झालं की मधला रस्ता बघा. पिल्लूच कशाला हवंय? शेल्टरमध्ये दोन-तीन वर्षांचे, १०-१२ किलोचे, मिश्र जातीचे कुत्रे असतात. वाढ संपलेली, स्वभाव समोर दिसतो, अंदाज बांधत बसावं लागत नाही. पिल्लाचा स्वभाव सांगणारे सगळे थापा मारतात असं माझं मत.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार, विशेषतः उगाचच यांचे :D नवरा दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर टेकला, मुलीला हसू आवरेना, शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. जर्मन शेफर्डचा विषय तूर्त बंद आहे. मुलीला फ्रॅक्चरचं सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली मी खाली बसेन आणि तोच माझ्याजवळ येईल. हे मला पटलं.

तर आता १०-१२ किलोचा, मोठा झालेला कुत्रा यावर आम्ही तिघं तयार आहोत. सासूबाईंची अट तीच, पायात नको, म्हणजे घरात शांत हवा आणि दार वाजलं की धावत सुटणारा नको. शेल्टरमध्ये गेल्यावर हे कसं ओळखायचं? तिथे तर सगळेच बिचारे एकतर घाबरलेले असतात नाहीतर अंगावर उड्या मारतात. सासूबाईंना सोबत न्यायचं का पहिल्याच दिवशी? आणि तो जिना चढायला तयार आहे की नाही हे आधी बघता येतं का, की काही दिवस घरी आणून मगच कळतं?