मदत हवी आहे: २०१२ ची वॅगन आर घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतले एक काका गाडी विकतायत. मार्च २०१२ ची वॅगन आर, पेट्रोल, एकच मालक, ५८,००० किमी. दीड लाख सांगतायत, थोडे खाली येतील. माझं काम म्हणजे रोज चिंचवड ते हिंजवडी आणि अधूनमधून साताऱ्याला आईकडे.

इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे, एसीही मस्त. पण डिकीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात गंज, आणि कडेच्या जोडावर सीलंट मात्र नवंकोरं! विचारलं तर म्हणे पार्किंगमध्ये घासली होती. आता नुसत्या घासलेल्या गाडीचं आतलं सीलंट कोण बदलतं? मागून जोरात ठोकलेली असावी अशी शंका येतेय. टायरवर १४१७ छापलंय, म्हणजे २०१७ सालच्या १४ व्या आठवड्यातले. नक्षी दिसायला बरी असली तरी वयामुळे चारही बदलावे लागणारच.

खरी धाकधूक कागदांची आहे. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) १५ वर्षं मार्च २०२७ मध्ये संपतात. मग फिटनेस, पुनर्नोंदणी, वर ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर). एमएच १४ मध्ये (पिंपरी-चिंचवड आरटीओ) हे अलीकडे कुणी केलंय का? एजंटशिवाय जमतं का, आणि एकूण किती खर्च येतो? शिवाय इतक्या जुन्या गाडीला ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे रबरी पाइप, सील वगैरेंचा त्रास झालाय का कुणाला?

बायकोचं मत, हप्ते पडले तरी चालतील पण नवीच घ्या. मला मात्र सव्वा लाखात मिटली तर घ्यावीशी वाटतेय. चिंचवडजवळ गाडी लिफ्टवर चढवून नीट तपासून देणारा भरवशाचा मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सांगा. रविवारी काकांना उत्तर द्यायचंय.